दातांवरचा पांढरा थर : दिसण्यापासून पटण्यापर्यंतची २८२ वर्षे

१७ सप्टेंबर १६८३. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरातून आंतोनी व्हान लेवेनहूक याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. लेवेनहूक मूळचा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते, पण स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून त्याने जे पाहिले होते ते तोवर कोणीही पाहिलेले नव्हते. या पत्राचा विषय मात्र त्याचे स्वतःचे दात हा होता.

त्या वेळी त्याने पन्नाशी ओलांडली होती. रोज सकाळी तो मिठाने दात घासी, चूळ भरी, दाढांत अडकलेले कण काडीने काढी आणि फडक्याने दात पुसून घेई. आपल्या वयाच्या फार थोड्या माणसांचे दात इतके स्वच्छ असतात आणि कितीही जोराने मीठ चोळले तरी आपल्या हिरड्यांतून रक्त येत नाही, हे त्याने काहीशा अभिमानानेच कळवले आहे. एवढे करूनही काही दातांच्या फटींत कालवलेल्या पिठासारखा दाट पांढरा पदार्थ साचत राही. तो त्याने कोरून काढला, पावसाच्या स्वच्छ पाण्यात मिसळला आणि भिंगासमोर धरला.

त्यात जीव होते. काही माशासारखे सरळ सुसाट जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगरणारे, काही इतके बारीक आणि इतके दाटीने वावरणारे की चिलटांचा थवाच वाटावा. मग त्याने इतरांच्या दातांवरचा मळ मागून घेतला. दोन स्त्रिया, एक आठ वर्षांचे मूल आणि जन्मात कधी दात न घासलेला एक म्हातारा. म्हाताऱ्याच्या मळात तर जिवांची अशी गर्दी होती की पाणीच जिवंत झाल्याचा भास व्हावा. एका माणसाच्या दातांवर जितके प्राणी राहतात तितकी माणसे साऱ्या देशात नसतील, अशा अर्थाचा हिशेब त्याने मांडला.

जिवाणू पाहिल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. याच पत्रात एक छोटा प्रयोग आहे. काचेवरच्या मळात व्हिनेगर मिसळताच सारे जीव तत्काळ मेले. परंतु तोंडात व्हिनेगर घेऊन खळखळून चूळ भरल्यावरही दातांवरच्या मळातले जीव जिवंतच राहिले. लेवेनहूकने निष्कर्ष काढला की व्हिनेगर थराच्या वरच्या जिवांना मारते, पण थराच्या आत शिरत नाही. हे वाक्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा ऐकू येणार होते.

रक्त न येणाऱ्या हिरड्या आणि जिवांनी गजबजलेला मळ या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत. त्यांचा संबंध मात्र कोठेही जोडलेला नाही. त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. डोळ्यांना न दिसणारा जीव माणसाला आजारी पाडू शकतो, ही कल्पना वैद्यकात रुजायला आणखी दोनशे वर्षे लागायची होती.

दात आणि प्राणी यांचा संबंध लोककल्पनेत मात्र फार जुना होता. बॅबिलोनी मातीच्या विटांवर दातातल्या किड्याला हाकलण्याचा मंत्र कोरलेला आढळतो. दाढेत अळी असते, धुरी दिली की ती बाहेर पडते, ही समजूत युरोपातही होती आणि भारतातही. मराठीत आजही दाताला ‘कीड’ लागते. अळी गेली, शब्द उरला. १७२८ साली पॅरिसच्या पियेर फोशारने दंतवैद्यकावरील आपल्या ग्रंथात या किड्यावर अविश्वास दाखवला. आपल्याला तो कधी दिसलाच नाही, असे त्याचे म्हणणे होते.

हिरड्यांचा रोग हा दातांच्या किडीहून वेगळा. त्यात दात शाबूत असतो, दाताखालची जमीन खचते. सुश्रुतसंहितेत दंतमुळाच्या पंधरा रोगांची गणना आहे. त्यांपैकी ‘दंतवेष्ट’ या रोगाचे वर्णन कोणत्याही आजच्या दंतवैद्याला ओळखू येईल : हिरड्यांतून रक्त व पू येतो आणि दात हलू लागतात. कारण दूषित रक्त सांगितले आहे. दातांवर साखरेसारखा कडक होऊन बसणारा मळ, म्हणजे ‘दंतशर्करा’, याच संहितेत आहे. पण तो दातांच्या रोगांत मोजलेला आहे, दंतमुळाच्या नाही. मळ एका यादीत आणि हिरड्या दुसऱ्या यादीत, अशी ही विभागणी डेल्फ्टच्या पत्राचीच आठवण करून देते.

मळ आणि हिरड्या यांना एकत्र आणण्याचा हट्ट धरला तो अमेरिकेतील हार्टफर्डच्या जॉन रिग्ज या दंतवैद्याने. (डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगवून होरेस वेल्सची दाढ काढणारा हाच रिग्ज.) दात हलू लागले की ते उपटायचे, हा त्या काळचा शिरस्ता. रिग्जचे म्हणणे असे की रोग दातावर साचलेल्या कठीण थरामुळे होतो. थर मुळापर्यंत खरवडून काढा, हिरडी सावरेल. १८७६ साली त्याने हे छापून मांडले आणि काही काळ हा विकार ‘रिग्जचा रोग’ या नावानेच ओळखला गेला. मागे उरले ते दुसरे नाव. ग्रीक भाषेत पू वाहणे या अर्थाचा जो शब्द, त्यावरून इंग्रजीत आलेला आणि तिथून दंतमंजनाच्या जाहिरातींतून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेला ‘पायरिया’.

रिग्जला थर दिसत होता, जिवाणू नव्हे. तो दगडासारखा टोचतो म्हणून हिरडी सुजते, अशी त्याच्यासारख्यांची समजूत. जिवाणूंचा शोध घेतला बर्लिनमधील अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याने. क्षयाचा जिवाणू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या पद्धती त्याने तोंडाला लावल्या आणि १८९० साली मानवी मुखातील सूक्ष्मजीवांवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दातांच्या किडीचे कोडे त्याने बऱ्याच अंशी सोडवले : जिवाणू पिष्टमय अन्नापासून आम्ल बनवतात आणि आम्ल दात विरघळवते. हिरड्यांपाशी मात्र तो अडला. एक रोग, एक जिवाणू हा त्या पिढीचा मंत्र होता आणि हिरड्यांच्या रोगात असा एकटा गुन्हेगार सापडेना. जे जीव रोग्याच्या तोंडात, तेच निरोग्याच्याही तोंडात. साक्षीदार आणि आरोपी एकाच घरात राहत असतील तर खटला उभा कसा करायचा?

जे विज्ञानाला सिद्ध करता येत नव्हते ते काही डॉक्टरांनी गृहीत धरले, आणि इथून या कथेतील काळे पर्व सुरू होते. लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी १९०० साली असा सिद्धान्त मांडला की तोंडातील पू व जिवाणू साऱ्या शरीरात विष पसरवतात. १९१० साली कॅनडातील मॉन्ट्रियलमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांवर कडाडून टीका केली. टीकेत तथ्य होते. पण तिचा अर्थ लोकांनी असा लावला की संधिवात असो, पोटदुखी असो वा थकवा, आधी दात काढा. पुढची दोन-तीन दशके अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये धडधाकट दातांच्या राशी पडल्या.

न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने यावर कडी केली. वेडाचे मूळ लपलेल्या जंतुसंसर्गात आहे, अशी त्याची खात्री होती. त्याने रुग्णांचे दात उपटले. त्याने गुण येईना तेव्हा टॉन्सिल काढले, मग मोठ्या आतड्याचे भाग. आतड्याच्या शस्त्रक्रियांत शेकडा २५ हून अधिक रुग्ण दगावत, हे त्याच्याच आकड्यांवरून दिसते. आपल्या स्वतःच्या मुलांचे दातही त्याने काढवले. म्हणजे तो ढोंगी नव्हता, आणि म्हणूनच अधिक भयंकर होता. नकार देण्याची सोय नसलेल्या माणसांवर त्याचा विश्वास राबवला गेला. अखेर १९३८ साली रसेल सेसिल व मरे अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेऊन दाखवले की असे दात-टॉन्सिल काढून संधिवाताला लाभ होत नाही. सेसिल पूर्वी याच मताचे पुरस्कर्ते होते.

या झटापटीत खुद्द हिरड्यांचा प्रश्न बाजूलाच पडला होता. १९१४-१५ च्या सुमारास क्षणभर वाटले की गुन्हेगार सापडला. फिलाडेल्फियात आणि न्यू ऑर्लिन्समध्ये संशोधकांना पायरियाच्या पुवात अमीबा आढळला. आमांशावर दिले जाणारे एमेटिन मग हिरड्यांच्या रुग्णांनाही टोचले जाऊ लागले. काही वर्षांत तो उत्साह मावळला; अमीबा रोगाचा कर्ता नसून रोगट जागी सुखाने राहणारा भाडेकरू ठरला. न्यू ऑर्लिन्सच्या त्या संशोधकांपैकी एक होते चार्ल्स बास. निवृत्तीनंतर ते पुन्हा याच विषयाकडे वळले, पण आता औषधाची सुई बाजूला ठेवून. स्वतःच्या दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत त्यांनी ब्रशचे केस कसे असावेत, नायलॉनचा धागा दातांच्या फटीत कसा फिरवावा याचा बारकाईने अभ्यास केला. हिरडीच्या कडेशी ब्रश ४५ अंशांत तिरका धरण्याची रीत आज दंतवैद्य शिकवतात. ती ‘बास पद्धत’ यांचीच.

तरीही पुरावा नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाठ्यपुस्तकांत हिरड्यांच्या रोगाची कारणे म्हणून वय, जीवनसत्त्वांची उणीव, वेडेवाकडे दात, टोचणारा टार्टर अशी लांबलचक यादी असे. वय झाले की दात पडायचेच, या समजुतीचे हे विद्वत्तापूर्ण रूप. दातांवरचा मऊ थर त्या यादीत असला तरी अनेकांपैकी एक होता.

ही कोंडी फोडणारा प्रयोग डेन्मार्कमधील आरहूस येथील दंतमहाविद्यालयात झाला. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्यात नवीन असे काहीच वापरलेले नव्हते. नॉर्वेत जन्मलेले हॅराल्ड लोए, सूक्ष्मजीवतज्ज्ञ एल्से थायलाडे आणि त्यांचे सहकारी येन्सेन यांनी निरोगी हिरड्यांची बारा माणसे निवडली : पहिल्या वर्षाचे नऊ विद्यार्थी, एक शिक्षक आणि प्रयोगशाळेतील दोन कर्मचारी. त्यांना एकच सांगण्यात आले. दात घासणे बंद करा.

औषध नाही, टोचणी नाही, जिवाणू आणून सोडणे नाही. आजवर सर्वजण जिवाणू शोधून रोग निर्माण करू पाहत होते. इथे फक्त रोजची एक सवय काढून घेतली गेली. प्रत्येकाचे तोंड हीच त्याची तुलना : आधी, दरम्यान आणि नंतर.

थर साचू लागला. त्याचे नमुने थायलाडे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत गेल्या आणि त्यांना दिसली ती वस्ती वसण्याची एक ठरावीक क्रमवारी. आरंभी गोल जिवाणू आणि आखूड दंडाकार. दोन-चार दिवसांत तंतूसारखे लांब. आठवडा भरत आला की स्वल्पविरामासारखे वाकडे आणि मळसूत्रासारखे पिळदार स्पायरोकीट. पुष्कळांच्या मते लेवेनहूकला म्हाताऱ्याच्या मळात वळसे घेत पोहताना दिसलेले जीव याच जातीचे असावेत. दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. एकही सुटला नाही. मग ब्रश परत दिले गेले. सुमारे आठवड्याभरात थर गेला, पिळदार पाहुणे गेले, हिरड्या पूर्ववत झाल्या.

१९६५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. बारा माणसे हा आकडा आज कोणत्याही समितीला तोकडा वाटेल. पण बाराच्या बारा आजारी पडावेत आणि बाराच्या बारा बरे व्हावेत, यापुढे संख्याशास्त्राला फारसे काम उरत नाही. मिलरचा पेच सुटला होता. कोणता जिवाणू, हा प्रश्नच चुकीचा होता. थर किती दिवस अबाधित राहिला, हा खरा प्रश्न होता. १९७० साली लोए आणि शिऑट यांनी दुसरी बाजूही दाखवली : ब्रश बंद, पण दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनची चूळ. थर धरला नाही, हिरड्या सुजल्या नाहीत. मात्र एकदा जमून घट्ट झालेल्या थरापुढे तीच चूळ दुबळी पडते. जिवाणू चिकट द्रव्यात एकमेकांना बांधून घेतात, त्यामुळे औषध आतपर्यंत पोचत नाही. डेल्फ्टच्या व्हिनेगरचे हेच झाले होते.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आरहूसच्या विद्यार्थ्यांना झाला तो हिरड्यांचा दाह, आणि तो परतवता येतो. पायरियात दाताभोवतीचे हाड झिजते, ते सहजी परत येत नाही. दाहाकडून झिजेकडे माणूस केव्हा आणि का जातो? हे पाहायला तीन आठवडे पुरणार नव्हते आणि कोणाही विद्यार्थ्याला तितका काळ ब्रश सोडायला सांगता येणार नव्हते.

लोए श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर गेले. ब्रिटिश काळात दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांचे वंशज तेथे राबत होते. दात घासण्याची रीत नाही, दंतवैद्य नाही. १९७० पासून १५ वर्षे अशा ४८० पुरुष मजुरांची वेळोवेळी तपासणी झाली; तुलनेसाठी नॉर्वेतील ऑस्लोचे विद्यार्थी आणि प्राध्यापक होते, ज्यांना बालपणापासून उत्तम दंतसेवा मिळालेली. आरहूसमध्ये तीन आठवड्यांनी ब्रश परत मिळाला. मळ्यांवर मात्र रोगाचा नैसर्गिक प्रवास पाहणे हाच अभ्यासाचा हेतू होता. ज्या ज्ञानाचा लाभ जगाला झाला त्याची किंमत कोणाच्या तोंडाने चुकती केली, हा प्रश्न या आकड्यांसोबत वाचलाच पाहिजे.

आकडे १९८६ साली आले आणि त्यांनी आरहूसच्या स्वच्छ निष्कर्षाला गाठ मारली. मजुरांच्या दातांवर भरपूर थर होता आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. आरहूसचा हिशेब धरला तर सर्वांची गत सारखी व्हायला हवी होती. तशी झाली नाही. शेकडा ८ जणांत रोग वेगाने वाढला : वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांच्या दातांचा आधार सरासरी १३ मिलिमीटर सुटलेला होता, आणि पुढच्या दाताचे मूळच साधारण तेवढे असते. शेकडा ८१ जणांत तो मध्यम गतीने चालला. उरलेल्या शेकडा ११ जणांत सुजेच्या पुढे काही घडलेच नाही. दातांची कीड या मजुरांत जवळजवळ नव्हतीच; त्यामुळे गळालेला दात हिरड्यांच्याच रोगाचा बळी होता, याविषयी शंका उरत नाही.

थर तोच, दुर्लक्ष तेच, फळ निरनिराळे. उत्तराचा एक भाग शरीरातच आहे. हाड जिवाणू खात नाहीत. थराशी लढायला आलेल्या पेशींची धुमश्चक्री लांबली की हाड विरघळवणाऱ्या शरीराच्याच पेशी जाग्या होतात. दाताचा पाया घरचेच लोक खणतात. कोणाचे शरीर किती जोराने आणि किती काळ झुंजते, यावर बरेच अवलंबून असते. मधुमेहाने ही झुंज चिघळते. तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून आतली पडझड त्याला उशिरा कळते.

उत्तराचा दुसरा भाग थरातच होता. बोस्टनमधील फोरसाइथ संस्थेत सिगमंड सोक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी १८५ जणांच्या दातांवरून घेतलेले १३,२६१ नमुने डीएनएच्या साहाय्याने तपासले. १९९८ साली त्यांनी दाखवले की जिवाणू ठरावीक टोळ्यांनी राहतात. रोगट, खोल फटींशी सर्वांत घट्ट जोडलेल्या तिघांच्या टोळीला त्यांनी लाल रंग दिला. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यांपैकी एक. एक रोग, एक जिवाणू हा जुना मंत्र पुन्हा ओठांवर येऊ लागला.

२०११ साली उंदरांवरच्या एका प्रयोगाने तो पुन्हा थांबवला. पोर्फिरोमोनास अगदी अल्प प्रमाणात, एकूण जिवाणूंच्या ०.०१ टक्क्याहूनही कमी असताना, उंदरांच्या तोंडातील साऱ्या वस्तीचा तोल बिघडला आणि हाड झिजले. तोच जिवाणू पूर्णपणे निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या तोंडात एकटा सोडला, तेव्हा हाडाला काही झाले नाही. कमानीच्या माथ्यावरचा कळीचा दगड स्वतः भार उचलत नाही, पण तो हलला की बाकीचे दगड ढळतात. संशोधकांनी याच दगडाची उपमा योजली. एकटा तो निरुपद्रवी, इतरांच्या सोबतीने घातक.

आणि ही सोबत नवी नाही. टार्टर हा मुळात त्याच मऊ थराचा खनिजे साचून झालेला दगड. त्यात जिवाणूंचा डीएनए शतकानुशतके टिकतो. जर्मनीतील डालहाइम येथील मध्ययुगीन मठाच्या दफनभूमीत सुमारे हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांच्या दातांवरचा टार्टर खरवडून पाहिला गेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सोक्रान्स्कींच्या लाल टोळीतले तिघेही सापडले, आणि त्यांच्याशी झुंजताना त्या माणसांच्या शरीराने सोडलेली प्रथिनेही.